आमच्या घरात नसलेला शब्द

रस्ता आमच्या फाटकापासून अगदी जवळ आहे, आणि गावातले लोक हे कौतुकाने सांगतात. दुकान जवळ, गाडी जवळ, नशीबवान आहात. मला मात्र तो रस्ता नकोसा वाटतो. बर्फ पडायच्या आधी सगळ्यांनाच कोळसा हवा असतो, म्हणून शरदात खाणीवरून कोळशाचे ट्रक एकामागोमाग एक खाली नारीन शहराकडे धावत असतात. आणि माझ्या मुलीला, सेझिमला, चाकं आवडतात. फिरणारं काहीही आवडतं तिला, जमिनीवर गरगरणारी झाकणी, लोकरीची चाती, उलट्या ठेवलेल्या हातगाडीचं चाक. ट्रकचं चाक म्हणजे तर विचारूच नका. तो आवाज कानावर आला की हातातलं तसंच टाकून ती निघते. धावत नाही, हेच वाईट. धावणारं पोर लक्षात तरी येतं. ही शांतपणे चालत जाते, कुणी जेवायला बोलावल्यासारखी, आणि मागे वळून बघत नाही.

सेझिम सात वर्षांची आहे आणि बोलत नाही. शहरातल्या डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं, पण त्याआधीच गावाने आपापली निदानं करून टाकली होती. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे लाडावली. माझी थोरली नणंद म्हणाली, आईवर गेली. मी किती बोलते हे उभ्या गावाला ठाऊक असताना! माझा नवरा एर्मेक मॉस्कोत बांधकामावर असतो. घरात सासरे, सासू, सेझिम आणि मी. सासऱ्यांना मी अताके म्हणते, सासूबाईंना आपा.

अशा मुलांच्या आयांना शिकवणाऱ्या एक बाई नारीनमध्ये मला भेटल्या. त्या म्हणाल्या, "शाळा नाही तर नाही, घरीच शिकव. जमिनीवर बस, तुझे डोळे तिच्या डोळ्यांच्या उंचीला आण. तिला हवी ती वस्तू हातात धर आणि वाट बघ. तिने त्या वस्तूचं चित्र दिलं की लगेच दे. आणि हे बघ बुरुल, एका गोष्टीला एकच शब्द. घरातल्या सगळ्यांनी तोच."

चहाचे खोके कापून मी चित्रं केली. पाव, चहा, बाहेर, संडास. तोवर सेझिमला काही हवं असलं की ती माझं मनगट धरायची आणि माझा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायची, जणू चिमटाच. आधी कितीतरी दिवस ती चित्रं चावत बसली. मग एका सकाळी तिने पावाचं चित्र, कोपरा चावलेलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे! पाव कापताना मला रडू आवरेना. आपा म्हणाल्या, "पुरे गं, पाव ओला होतोय." त्यांचेही डोळे भरलेच होते.

पाव झाला, चहा झाला. पण मला खरा हवा होता तो एकच शब्द. उभी राहा, पुढे पाऊल टाकू नको, असं सांगणारा. आणि नेमका तोच शब्द आमच्या घरात नव्हता.

तो शब्द तोक्तो. रोजचा, साधा, शेंबड्या पोरालाही येणारा. पण माझ्या सासऱ्यांचं नाव तोक्तोसून. त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून याने तरी आपल्यापाशी राहावं या आशेने आईबापांनी ते नाव ठेवलं. त्यांच्या बरोबरीचे म्हातारे त्यांना नुसतं 'तोक्तो' म्हणतात. आणि आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नाव तर नाहीच, नावात लपलेला शब्दही नाही. माझ्या मावशीच्या सासऱ्यांच्या नावात दगड होता, तर ती दगडाला जन्मभर 'ते टणक' म्हणत राहिली. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात आपांनी दार लावून घेतलं आणि माझा बंद शब्द कोणता ते सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, त्यांचाही नवराच तो. पाय आपटून, दोन्ही हात वर करून, डोळे मोठे करून त्यांनी तो करून दाखवला. पहिल्यांदा मला वाटलं, सासूबाईंना नाचायचंय.

याला दुसरा एक शब्द आहे, 'उभं राहा' अशा अर्थाचा, माझ्यासारख्या बाकीच्या सुना तो वापरतात. पण सेझिमला सकाळी उठवतानाही आम्ही तोच म्हणतो. तो ऐकला की ती उठते, आणि उठली की चालू लागते. म्हणजे उलटंच व्हायचं. शेवटी घोड्याला आवरताना जिभेने काढतात तो आवाज मी घेतला. त्र्र्र. अंगणात तिच्याबरोबर चालायचं, त्र्र्र करायचं, खांद्याला हळूच हात लावून उभं करायचं आणि लगेच बोरसोकचा, तळलेल्या पावाचा, तुकडा तोंडात. होता होता हाताची गरज उरली नाही. मी त्र्र्र केलं की ती जिथल्या तिथे उभी राहायची, कधी कधी तर एक पाय उचललेलाच. माझ्या जिवात जीव आला.

अताके ओट्यावर चहा पीत हे बघायचे. ते सेझिमशी बोलत नसत, तिच्याबद्दल बोलत. माझ्याशीही नाही, आपांशी. "तुझ्या सुनेला विचार, ही माझी नात आहे की शिंगरू? उद्या खोगीर घालेल तिच्यावर."

"शिकवतेय बिचारी," आपा म्हणायच्या.

"मग साधा शब्द शिकव म्हणावं! माणसाच्या पोराला माणसाचा शब्द!"

मी मान खाली घालून त्यांच्या वाटीत चहा ओतायची. कारण सांगायचं तर तोच शब्द उच्चारावा लागला असता.

एका दुपारी मी कणीक मळत होते. बाहेरून शेजारच्या जुमाशची आरोळी आली, "तोक्तो! तोक्तो!" अताकेंना कुणीतरी हाक मारतंय, असतील आसपास, असं म्हणून मी मळतच राहिले. पुन्हा आरोळी आली, "तोक्तो! ए पोरी, तोक्तो!"

ए पोरी हे शब्द कानावर पडले आणि मी दाराकडे वळले. फाटक सताड उघडं होतं. कणकेच्या हातांनीच मी धावले. सेझिम रस्त्याच्या कडेला पोचली होती, वरच्या वळणावर ट्रक दिसत होता, आणि पलीकडच्या शेतातून जुमाश गवताचा भारा टाकून पळत येत होता. मी त्र्र्र केलं. ती उभी राहिली. ट्रक तिच्या पुढून गेला, त्या वाऱ्याने तिचा झगा फडफडला आणि ती आनंदाने हात हलवू लागली. मी तिथेच मातीत बसले, तिला पोटाशी धरून.

"बहिरी आहे का पोर?" जुमाश धापा टाकत म्हणाला. "घसा फाटेस्तोवर ओरडलो. मान पण वळवली नाही तिने."

बहिरी नव्हती. तिला तो शब्द कुणी दिलाच नव्हता. त्या दिवशी मला नीट कळलं की मी काय करून ठेवलं होतं. जुमाश तोक्तो म्हणणार, ट्रकवाला तोक्तो म्हणणार, दुकानदार, शिपाई, उद्या शाळेने घेतलं तर तिथली बाई, सगळे तोक्तो म्हणणार. त्र्र्र करणारी जगात मी एकटी. मी आजारी पडले तर? मी नुसती पाठमोरी असले तर? भीती आधीही होती, पण ती रस्त्याची होती. आता मला दर घटकेची भीती वाटू लागली. मी माझा डोक्याचा रुमाल काढून त्याचं एक टोक तिच्या मनगटाला आणि दुसरं माझ्या कमरेला बांधून स्वयंपाक करू लागले. ती ओढायची, मी ओढायची, आणि दूध उतू जायचं.

"आपा, तुम्ही तरी म्हणा ना," मी एकदा हात जोडले. "नातीसाठी."

"मी? वेड लागलंय तुला? त्याचं नाव घेऊ?"

"नाव नाही हो, शब्द."

"तुला कळतो फरक. माझ्या जिभेला नाही कळत."

"मग अताकेंना सांगा, त्यांनी शिकवावं. त्यांना काय बंदी आहे?"

"सांगेन की. आणि कोणता शब्द, असं विचारलं म्हणजे? परत पाय आपटू? या वयात?" आम्ही दोघी हसलो. हसता हसता आपांनी रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. "घाबरते गं मी पण," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगू?"

एर्मेकने मॉस्कोहून फोनवर तो शब्द रेकॉर्ड करून पाठवला. एकट्या घोगऱ्या आवाजात, तोक्तो, तोक्तो, तोक्तो. मी अंगणात फोन वाजवायची आणि तिला उभं करायची. ती शिकलीही. पण फोनमधूनच. जुमाशला मी मुद्दाम म्हणायला सांगितलं, तर ती त्याच्या अंगावरून निघून गेली. नारीनच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तिच्या लेखी तो फोनचा आवाज झाला, शब्द नव्हे. रोजच्या माणसांनी म्हणायला हवा, तुझ्या घरातल्या. तू का नाही म्हणत?"

"माझ्या सासऱ्यांचं नाव आहे ते."

बाईंनी विषय बदलला. त्यांनाही सासरे असणारच.

शनिवारी पीठ संपलं. आपा गुडघा धरून बसल्या होत्या, म्हणून मी सेझिमला घेऊन निघाले. जाताना रस्ता मोकळा होता. दुकानात पिठाची पिशवी घेतली, तिने चहाचं चित्र दाखवलं, तिला दुकानदारणीने घोटभर चहा दिला, सगळं छान झालं. परत येताना रस्ता ओलांडला आणि वाटलं, चला, सुटलो. अताके त्यांच्या सोबत्यांबरोबर पलीकडे दुकानाच्या वळचणीलाच बसले होते, पाठमोरे. पिशवी खांद्यावरून घसरायला लागली. ती सावरायला मी सेझिमचा हात सोडला.

तेवढ्यात वळणावर आवाज आला.

ती निघाली. मी त्र्र्र करायला गेले, तर ओठ कोरडे ठाक, श्वास पुरेना. आवाज निघाला तोही ट्रकच्या घरघरीत बुडाला. फोन आतल्या खिशात, कोटाची बटणं लावलेली. मी धावत होते आणि बटणं ओढत होते आणि मधलं अंतर काही कमी होत नव्हतं. तिचं एक पाऊल डांबरावर पडलेलं मी पाहिलं.

"तोक्तो!"

तो माझा आवाज होता. एवढा मोठा आवाज माझ्या गळ्यात असेल असं मला माहीत नव्हतं. "तोक्तो! तोक्तो!"

सेझिम उभी राहिली नाही. का राहील? पण पलीकडे वळचणीला पांढरी टोपी गर्रकन वळली. सुनेच्या आवाजात आपलं नाव अताकेंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांनी मला पाहिलं, तिला पाहिलं, ट्रक पाहिला. मग हा सत्तरीचा माणूस, एरवी काठीशिवाय ओट्यावरून न उतरणारा, काठी टाकून रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, दोन्ही हात वर करून.

भोंगा वाजला. ब्रेक किंचाळले. मी डोळे मिटले, हे खरं आहे. उघडले तेव्हा रबराचा जळका वास येत होता, ट्रकचं नाक अताकेंच्या छातीपुढे होतं आणि वरून कोळशाचे तुकडे घरंगळत होते. सेझिम ट्रकच्या कडेला उकिडवी बसली होती. पुढच्या चाकावर तळहात टेकवून ती ते पुन्हा फिरण्याची वाट बघत होती.

ट्रकवाल्याने सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी तिला उचललं. ती ओरडत होती, लाथा मारत होती, तिला चाक हवं होतं. अताकेंचे हात अजून वरच होते. जुमाशने येऊन ते खाली घेतले.

त्यांच्या सोबत्यांपैकी कासिम म्हातारा भीतीने पांढरा पडला होता, पण जिभेला हाड नाही त्याच्या. "तोक्तो, अरे तुझ्या सुनेने तुला नावाने हाक मारली की! भर रस्त्यात! काय दिवस आले!" दोघंचौघं हसले. दुकानदारीण चुकचुकली. ते नेमकं कशाबद्दल, ते तिलाच ठाऊक.

अताकेंनी काठी उचलली आणि घराची वाट धरली. मी मागून चालत होते, सेझिमला घट्ट धरून. एक भीती संपायच्या आत दुसरी येऊन बसली होती. हे मला माहेरी धाडतील. धाडू देत, पण सेझिमला ठेवून घेतील. इथे, या रस्त्याजवळ, माझ्याशिवाय.

अंगणात आल्यावर ते ओट्यावर बसले. आपा दारात आल्या, आमच्या तोंडाकडे पाहून दाराची चौकट धरून राहिल्या.

"तू," अताके म्हणाले. माझ्याशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याशी. "मला हाक का मारलीस? मला दिसत नव्हती ती. हाक मारलीस ते बरं केलंस. पण नावाने? अताके म्हणायचं, बाबा म्हणायचं, नुसतं ओरडायचं."

"मी तुम्हाला हाक नाही मारली, अताके." मी सेझिमला खाली उतरवलं. "मी तिला उभी राहा म्हणत होते."

ती हाक त्यांना नव्हती हे हळूहळू त्यांच्या लक्षात येत गेलं, मला ते चेहऱ्यावर दिसत होतं. "मग राहिली का नाही ती?"

"तिला तो शब्द येत नाही."

"का येत नाही? घोड्याचा येतो, आणि हा येत नाही? दोन वर्षाच्या पोराला येतो!"

मी आपांकडे पाहिलं. आपांनी मान खाली घातली. आता मागे फिरायला जागाच नव्हती. "कोण शिकवणार तिला, अताके? मी म्हणू शकत नाही. आपा म्हणू शकत नाहीत. एर्मेक इथे नाही. तुम्ही तिच्याशी बोलत नाही. आपल्या घरात तो शब्द कुणी बोलतच नाही."

अताकेंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझ्या नावापायी," ते म्हणाले. "माझ्या नावापायी मेली असती."

"असं बोलू नका," आपा म्हणाल्या.

"गप्प बस. चाळीस वर्षं गप्प बसलीस तेवढं पुरे झालं." ते उठले. अंगणात उतरले. सेझिम हातगाडीच्या चाकाशी बसली होती. "कसं करायचं?" त्यांनी मला विचारलं. "ते तुझं, खाऊ देऊन करतेस ते. सांग मला."

मी सांगितलं. तिच्याबरोबर चालायचं. शब्द एकदाच म्हणायचा, मेंढ्यांवर ओरडल्यासारखा नाही. लगेच खांद्याला हात लावून उभं करायचं, आणि लगेच तुकडा. सून शिकवतेय आणि सासरा मान हलवतोय, हे आमच्या अंगणात कधी झालं नव्हतं. मी त्यांच्या हातात बोरसोक दिला. त्यांनी सेझिमचं बोट धरलं. तिने ते काढून घेतलं नाही.

ते चालले. "तोक्तो," ते म्हणाले, घोगऱ्या, नको तितक्या मोठ्या आवाजात. सेझिम चालतच राहिली. त्यांनी गडबडून तिचा खांदा धरला, तुकडा दिला. पुन्हा चालले. "तोक्तो." ती चालत राहिली. पुन्हा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते वळून आमच्याकडे आले.

"मी उद्या मेलो तर?" ते म्हणाले. "तुम्ही दोघी बोला. तू तर बोललीच आहेस, सगळ्या गावाने ऐकलंय, आता कसली लाज. बोल."

"तोक्तो," मी म्हटलं. रस्त्यावर तो शब्द किंकाळीसारखा बाहेर पडला होता, इथे मला तो उचलून बाहेर ठेवावा लागला.

"हं. आणि तू." ते आपांपुढे उभे राहिले.

आपांनी तोंडावर रुमालाचं टोक घेतलं. मान हलवली. दाराची चौकट सोडली, पुन्हा धरली. अताके कधी नव्हे ते मऊ आवाजात म्हणाले, "अगं, म्हण. मला काही होत नाही."

आपा रुमालाआडून काहीतरी पुटपुटल्या.

"ऐकू नाही आलं. तिला कसं येईल?"

"तोक्तो," आपा म्हणाल्या, आणि लगेच त्यांना हुंदका फुटला. अताके जिथे होते तिथे उभेच राहिले. तोंड उघडं, डोळे बायकोवर, हातात उरलेला बोरसोक. आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत उभे होतो, तीन मोठी माणसं.

सेझिम मात्र चालत होती. वरच्या वळणावर ट्रकचा आवाज आला होता आणि ती फाटकाकडे निघाली होती. आम्ही तिघांनी एकदमच हाक दिली, "तोक्तो!"